खाऱ्या पाण्यातील विघटनाची कसोटी



रोह्याजवळ, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांचे कारखाने आहेत.
रोह्याची कुंडलिका रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते.
पेण तालुक्यालाही धरमतरची खाडी लागून आहे.

तेव्हा जे रसायन आज नदीत उतरते,
ते उद्या समुद्राच्या स्वाधीन होते;
आणि तेथे ते विघटन पावते की तसेच टिकून राहते,
हा प्रश्न आपल्या मुलखाच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

त्याची तपासणी करणारी एक आंतरराष्ट्रीय पद्धत १९९२ साली मुक्रर झाली.

बाटलीत समुद्राचे पाणी घेतात.
त्यात थोडी खनिज पोषके आणि ते रसायन मिसळतात.
बाहेरचे जंतू मात्र मुळीच घालीत नाहीत;
समुद्राचे स्वतःचे सूक्ष्मजंतू काय करू शकतात, एवढेच पाहावयाचे असते.

बाटली बंद करून २८ दिवस अंधारात ठेवतात,
आणि वेळोवेळी पाण्यातील प्राणवायू मोजतात.
जंतूंनी रसायन फस्त केले, की प्राणवायू घटतो.
पूर्ण विघटनास लागणाऱ्या प्राणवायूपैकी ६० टक्क्यांहून अधिक खर्ची पडला,
तर ते रसायन समुद्रात विघटन पावू शकते, असे मानतात.

ध्यानात ठेवावे:
गोड्या पाण्यातला निकाल खाऱ्या पाण्याला लागू पडेलच, असे नाही.
समुद्रात जंतू विरळ असतात. विघटन बहुधा मंदावते.

म्हणून, श्रोतेहो, साबणाच्या बाटलीवर ‘जैवविघटनशील’ असे वाचाल,
तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा:
कोणत्या पाण्यात? गोड्या, की खाऱ्या?