वेगवान मोटारीचा तोल

आमच्या नागपुराहून मुंबईकडे जाणारा समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि इगतपुरीपुढील शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं. रस्त्याची आंखणी ताशीं १५० किलोमीटर वेग धरून केलेली आहे. मोटारींना मुभा मात्र १२० चीच. असा रस्ता दाराशीं आल्यावर तरुण मंडळींत बुटक्या, बलवान मोटारींचीं, म्हणजे स्पोर्ट्‌स कारचीं, बोलणीं ऐकूं यावींत यांत नवल नाहीं. "मास्तर, आतां गाडी घसरतच नाहीं, आंत यंत्र असतें," असें परवां एका माजी विद्यार्थ्यानें मला सांगितलें. त्याच्या वाक्यांतील तो 'च' मला बेचैन करतो, म्हणून आज या यंत्राचा विचार करूं.

मोटार कितीही भारी किंमतीची असो, तिचा रस्त्याशीं संबंध चार ठिकाणींच येतो, आणि प्रत्येक ठिकाण फार तर तळहाताएवढें. वेग घेणें, थांबणें व वळणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांच्या पकडीवर चालतात. ही पकड शाळामास्तराच्या पगारासारखी ठरलेली असते. सारा वाण्याला दिला तर दूधवाल्याला कांहीं उरत नाहीं. ब्रेकनें सारी पकड खाल्ली कीं वळण्यास ती शिल्लक राहत नाहीं. चाक पुरतें जखडलें, तर सुकाणूचें चक्र कसेंही फिरवा, मोटार सरळच घसरत जाते.

यावरील पहिला उपाय १९७८ सालीं जर्मनींत बॉशच्या कारखान्यानें बाजारांत आणला व तो मर्सिडीज मोटारींना बसविला गेला. प्रत्येक चाकाची गति मोजणारा एक पहारेकरी असतो. चाक जखडूं लागलें कीं तो ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हां धरतो. एका सेकंदांत असें कितीदां तरी. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. याच्या उलट दुखणें म्हणजे एंजिनाच्या जोरानें चाक जागच्या जागीं गरगरणें. तेथें हाच पहारेकरी एंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो.

खरें कौतुक तिसऱ्या यंत्रणेचें. चालकानें चक्र किती फिरविलें हें ती पाहते, मोटार प्रत्यक्षांत किती वळली हेंही पाहते, आणि दोहोंचा मेळ बसला नाहीं तर एकेका चाकाला निरनिराळा ब्रेक लावते. गाडीवान वळणावर आंतल्या बैलाचा कासरा ओढतो, तोच हा न्याय. मोटार वळेनाशी झाली तर मुख्यतः आंतलें मागचें चाक धरावयाचें. शेपूट बाहेर फेंकूं लागली तर बाहेरचें पुढचें. १९९५ मध्यें ही युक्ति मर्सिडीजच्या बड्या मोटारींत आली. १९९७ सालीं स्वीडनमध्यें एका मासिकाच्या परीक्षेंत, अचानक आडव्या येणाऱ्या एल्क नांवाच्या जनावराला चुकवावें तशी मोटार वळवितांना, त्याच कंपनीची छोटी ए-क्लास उलटली. तेव्हां कंपनीनें त्या छोट्या मोटारीलाही ही यंत्रणा दिली. आपल्याकडे एल्क नसला तरी रोही आहेत, आणि तेही विचारून रस्ता ओलांडीत नाहींत.

स्प्रिंग व तिला आवर घालणारा दांडा यांना लोक केवळ बसणाऱ्याच्या सुखाचीं साधनें समजतात. उसळलेलें चाक जेवढा वेळ हवेंत, तेवढा वेळ त्याची पकड शून्य; तें जमिनीला टेकवून ठेवणें हें त्यांचें मुख्य काम. २००२ मध्यें अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारींत या दांड्यांत लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेलें तेल घालण्यांत आलें. विजेनें चुंबकत्व दिलें कीं तें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं घट्ट होतें. पुढें नामांकित स्पोर्ट्‌स कारनींही हीच युक्ति उचलली. शर्यतींत तर १९९२ सालीं विल्यम्सच्या मोटारीनें आपली उंची आपणच सांभाळून मॅन्सेलला जगज्जेता केलें. १९९४ पासून असल्या साह्यांना तेथें बंदी झाली. चालकाचें कसब दिसेना, ही तक्रार मला रास्त वाटते.

आतां त्या 'च' कडे वळूं. हीं सारीं यंत्रें पकड वांटतात, निर्माण करीत नाहींत. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशीं १२० च्या वेगांतून थांबावयास ब्रेक लागल्यापासून सुमारें ८० मीटर लागतात. १५० च्या वेगांतून सव्वाशे. वेग सव्वापट, अंतर दीडपटीहून अधिक! आषाढांतील पाण्यानें पकड निम्म्यावर आली कीं तें अंतर दुप्पट होतें. चालक दचकून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एक सेकंद गेला तर १२० च्या वेगाला आणखी ३३ मीटर. हा हिशेब कोणत्याही यंत्राला बदलतां येत नाहीं. शिवाय पुष्कळशा स्पोर्ट्‌स कारमध्यें ही राखण ढिली करण्याचें बटण असतें. तें शर्यतीच्या बंदिस्त मैदानासाठीं आहे, वर्धा मार्गासाठीं नव्हे.

तुमच्या मोटारीच्या समोरील फळीवर घसरत्या मोटारीचें चित्र असलेला पिवळा दिवा चालतांना लुकलुकला, तर पकड संपत आली व यंत्रणा झगडत आहे असें समजावें. सतत जळत राहिला, तर बहुधा ती बंद आहे. टायरच्या खांचांत १.६ मिलीमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला कीं बदलावा. आमच्या वैशाखांत हवा कमी असलेला टायर अधिक दबतो, तापतो व फुटूं शकतो. म्हणून हवा सकाळीं, चाकें थंड असतांना, तपासावी. किती भरावी तो आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो.