ताजं कणीस, घरच्या घरी

मक्याचं कणीस घेताना दाण्यात नख रुतवून पाहा. दुधासारखा रस आला, की कणीस कोवळं. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो आणि गोडी उतरते, म्हणून आणलं त्याच दिवशी शिजवा.

भाजायला आपलं देशी पांढरं कणीसच खरं. निखारे असतील तर उत्तम. नाहीतर गॅसवर जाळी ठेवा, आच मध्यम ठेवा आणि कणीस सतत फिरवत राहा. मोठ्या आचेवर ते वरून करपतं, आत कच्चं राहतं. दाणे तडतडून काळे ठिपके उठले की उतरवा. लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून गरम कणसावरच चोळा.

उकडायला अमेरिकन मका सोपा. उकळत्या पाण्यात 5 ते 7 मिनिटं पुरे. देशी कणसाला कुकरच्या 3-4 शिट्ट्या लागतात.

कोवळी कणसं उरली, तर किसणीवर किसा. तूप, जिरं, हिरव्या मिरचीच्या फोडणीत परता, थोडं दूध घालून वाफ काढा, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. हा कीस या आठवड्यात एकदा जरूर करा.