आधी परतफेड, मग प्रायश्चित्त

(चिंचवड येथील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या विषयाला संयोजकांनी 'सेवा आणि पापक्षालन' असे नाव दिले आहे. यातील पहिल्या शब्दावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. दुसरा उच्चारला की सभागृहात थोडी चुळबूळ होते. सेवा करणाऱ्याला 'का करता?' असे विचारणे आपण असभ्य मानतो, आणि एरवी मीही विचारणार नाही. परंतु बातमीदारीच्या निमित्ताने रक्तदान शिबिरे, चाकाच्या खुर्च्यांचे वाटप, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते त्या वेळचे अन्नदान असे बरेच काही जवळून पाहता आले. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. सर्वांत जास्त राबणाऱ्या आणि फोटोच्या वेळी मागे सरकणाऱ्या माणसांपैकी काहींच्या पाठीवर एखादे जुने ओझे असते. ते कोणते, हे ती माणसे सांगत नाहीत. अनोळखी माणसासाठी झिजायचे आणि आपल्या मनातील एक खाते मिटवायचे, असा हा मूक व्यवहार असतो. तो व्यवहार पुरा होतो का, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

या विषयाची आपल्या मनातील पहिली प्रतिमा वाल्या कोळ्याची. मूळ वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. ती अध्यात्म रामायणासारख्या नंतरच्या ग्रंथांतून आणि लोककथांतून आली. मराठी आजीने सांगितलेल्या कथेत रांजणांचा तपशील हमखास असतो. प्रत्येक हत्येगणिक एक खडा, आणि असे सात रांजण भरलेले. नारद विचारतात, या पापात तुझ्या घरचे वाटेकरी आहेत का? वाल्या घरी जाऊन विचारतो आणि बायको-मुले सरळ नकार देतात. कथेचा हा भाग अतिशय खरा आहे. ज्या घरासाठी म्हणून माणूस वाकडी वाट धरतो, ते घर त्या वाटेचा हिशेब आपल्या नावावर घेत नाही. पुढे अंगावर वारूळ चढेपर्यंत नामस्मरण, आणि वाल्याचा वाल्मीकी. पण रांजणातील एकेक खडा म्हणजे एकेक घर होते. त्या घरांचे पुढे काय झाले, हे आजी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. नायक पावन झाला की ऐकणाऱ्याचे समाधान होते.

धर्मशास्त्राने मात्र हा प्रश्न असा सोडून दिलेला नाही. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचा सविस्तर विचार केला आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्यायही याच विषयाला वाहिलेला आहे. वर्णानुसार दंड आणि प्रायश्चित्त कमीअधिक करणारी त्यातील वचने आज कोणी शिरोधार्य मानू नयेत, हे मी आधीच सांगून टाकतो. परंतु त्याच अध्यायात पापमुक्तीची जी साधने सांगितली आहेत त्यांचा क्रम पाहण्याजोगा आहे. पहिले ख्यापन, म्हणजे आपण काय केले ते उघड बोलून दाखवणे. मग अनुताप, तप, अध्ययन. आणि सर्वांत शेवटी दान. तेही आपत्काळी, म्हणजे आधीचे काही करणे शक्य नसेल तेव्हा. आपण हा क्रम उलटा केला आहे. आपली सुरुवात दानापासून होते, बहुतेक वेळा शेवटही तिथेच होतो, आणि ख्यापन तर कोणालाच नको असते. चोरीच्या बाबतीत तर तो अध्याय आणखी स्पष्ट आहे. चोरलेली वस्तू धन्याला परत करायची आणि मग सांतपन कृच्छ्र करायचे. परत न करता केलेल्या उपवासाला तिथे जागा नाही.

हे सारे शास्त्र गावासाठी रचलेले होते. ज्याचे नुकसान केले तो चार घरे पलीकडे राहत असे. प्रायश्चित्त सांगणारी परिषद गावातली, आणि ते पाळले की नाही हे पाहणारे डोळेही गावातलेच. आपली पिंपरी-चिंचवड नगरी तशी नाही. १९५५ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, पाठोपाठ टेल्को, बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणच्या पलीकडे गेली. बीड, लातूर, बुलढाण्यापासून बिहार, ओडिशापर्यंतची माणसे इथे एका यंत्राशेजारी उभी राहतात आणि एकमेकांचे गाव विचारण्याआधी पाळी बदलते. इथे ज्याचा अपराध होतो तो अनोळखी असतो. म्हणूनच बहुधा इथला माणूस प्रायश्चित्तही दुसऱ्याच कोणा अनोळखी माणसावर उरकतो.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण या भागातील कोणालाही अशक्य वाटणार नाही. समजा, पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ते चाकणच्या दरम्यान, किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर, रात्रपाळी सुटून सायकलीवर निघालेल्या कामगाराला एका मोटारीची धडक बसली. मोटारवाला सुशिक्षित, कुटुंबवत्सल, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तो क्षणभर थांबला, आरशात पाहिले आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. पुढची दहा वर्षे तो दर तीन महिन्यांनी रक्त देतो. चाळीस बाटल्या होतात. त्या रक्ताने कोणी तरी जगले असेल. ते पुण्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या कामगाराच्या पत्नीला आजही आपला नवरा कोणत्या वाहनाखाली गेला हे ठाऊक नाही. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' असे दोन शब्द आहेत. तिला त्या चाळीस बाटल्यांतून काय मिळाले? मोटारवाल्याला मात्र वर्षागणिक थोडी थोडी झोप परत मिळत गेली. या हिशेबात एका बाजूलाच जमा होत राहते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकाला जखमीच्या उपचाराची व्यवस्था करायला आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायला सांगते. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत याच्याही पुढे जाऊन, बेदरकार चालवून मृत्यू घडवल्यावर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास ठेवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी याविरुद्ध चाके थांबवली आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे एवढे उपकलम मागे ठेवले गेले. आपण वर्तमानपत्र वाचताना चालकांना दूषणे दिली. पण ते जे म्हणत होते त्यात तथ्य होते: थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही. १३४ व्या कलमानेही जमावाच्या क्षोभाचा अपवाद मान्य केला आहे. म्हणजे ख्यापनाचा रस्ता अपराध्याइतकाच आपणही अडवून धरला आहे. कबुली देणाऱ्याच्या अंगावर जिथे दगड पडतात, तिथे माणूस पुढच्या गावी जाऊन अन्नछत्र उघडणारच.

दुसरे उदाहरण कारखान्यातले. ते अधिक झाकलेले राहते. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांची बोटे तुटतात. लहान प्रेस शॉपमध्ये हे काय प्रकरण आहे, ते तिथे काम केलेल्यांना मी सांगायला नको. प्रॉडक्शनचे टार्गेट गाठायचे म्हणून गार्ड काढून ठेवलेला असतो किंवा सेन्सर बंद केलेला असतो. काढा असे सांगणारा सुपरवायझर असतो, आणि त्याला आकडा देणारा वर आणखी कोणी. कंत्राटी मुलाचा हात जातो, तो गावी परततो, त्याच्या जागी दुसरा येतो. काही वर्षांनी तोच सुपरवायझर निवृत्त होऊन दिव्यांगांना कृत्रिम हात देणाऱ्या शिबिरात मन लावून काम करताना दिसला, तर त्याच्या भावनेवर संशय घेऊ नये. ती भावना खरीच असते. परंतु त्या प्रेसचा गार्ड अजून काढलेलाच असेल आणि गावी गेलेल्या मुलाला भरपाई मिळालेली नसेल, तर शिबिर चालू आणि हातही तुटणे चालू. त्या मुलाचा पत्ता कंत्राटदाराच्या हजेरीपटात सापडू शकतो. तो शोधणे शिबिरापेक्षा अवघड असते, कारण तिथे हार घालायला कोणी येत नाही आणि समोरचा माणूस शिव्याही देऊ शकतो.

आता महाराष्ट्रातील असे एक उदाहरण, जिथे माणूस ज्याला सोडून पळाला त्याच्याकडेच परत गेला. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, आणि भंगीकाम करणाऱ्यांचे कष्ट कळावेत म्हणून डोक्यावर मैल्याची पाटी वाहत. रेल्वेत गोऱ्या सैनिकांना एकट्याने अडवले म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले होते. असा हा माणूस एका पावसाळी रात्री गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून घाबरून पळाला. त्या पळण्याने त्यांना पुढे छळले. इथे त्यांना सोपी वाट उपलब्ध होती. एखाद्या कुष्ठधामाला देणगी देता आली असती. वकिलाला ती जड नव्हती. ते त्याच गटाराकडे परत गेले, तुळशीरामाला उचलले आणि त्याच्या मृत्यूपर्यंत त्याची शुश्रूषा केली. ज्याला सोडून पळालो त्याच्यापाशीच आधी जायचे, हा क्रम त्यांनी चुकवला नाही. अनोळखी रुग्ण त्यानंतर आले. कोलकात्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना त्यांनी जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले. तो प्रयोग यशस्वी झाला नाही. आत्मबलिदानाची गोष्ट म्हणून आपण तो प्रसंग फार रंगवतो. मला स्वतःला त्यापेक्षा आनंदवनातील विहिरी आणि शेते मोठी वाटतात. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले, आणि रुग्ण स्वतःच्या हातांनी पिकवू, विणू, बांधू लागले. बाबांच्या मनाला शांती मिळाली की नाही, हा प्रश्न तिथे कोणाच्या कामाआड आला नाही.

अपराध्याला परत येण्यासाठी वाट लागते, ती समाजाने ठेवावी लागते. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नांतून ती आली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शिक्षा झालेली माणसे कुटुंबासह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागची कल्पना तिथलीच, आणि कथा लिहिली गदिमांनी. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला. स्वतंत्रपूर पाहायला गेलेले मला फार थोडे भेटले.

एका व्यक्तीच्या अपराधाचे हे झाले. समाजाने केलेल्या अपराधाचे काय? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण पोलीसपाटील आणि गावकरी यांच्या नजरेतला गेला नाही, आणि ती नजर काही इंग्रजांची नव्हती. या बाबतीत शोधायला लांब जायला नको. याच चिंचवडगावात २००६ पासून पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् चालते. तुळजापूरजवळ यमगरवाडीला पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम केलेले गिरीश प्रभुणे यांनी ते उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मुलांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कारागिरी तिथे विद्या म्हणून शिकवली जाते. वाढदिवसाला तिथे जेवण देणारी कुटुंबे आपल्यापैकी अनेक असतील, त्यांनी ते जरूर द्यावे. पण आपल्या सोसायटीत चोरी झाली की पहिला संशय मैदानावरच्या पालांकडे जातो. तो आपण कधी मागे घेतला का, हे जेवण वाढताना स्वतःला विचारायला हरकत नाही.

शेवटी एक अगदी व्यवहारातली गोष्ट सांगतो, कारण या पट्ट्यात ती उद्याही करता येईल. अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू आला तर १ एप्रिल २०२२ पासून वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. दाव्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार दर्जाचा महसुली अधिकारी करतो. हे बहुतेक कुटुंबांना ठाऊकच नसते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली आणि वाहनाचा शोध लागला नाही तर पोलिसांनी वारसांना या योजनेची माहिती द्यावी असे निर्देश दिले. मृत्यू चाकणला आणि वारस बिहारच्या खेड्यात, मराठी कागद वाचता न येणारे, अशी स्थिती असते. शवविच्छेदनाचा अहवाल, पहिल्या खबरीची प्रत, वारसाची ओळख, बँकेचे खाते हे सगळे कोणी तरी जुळवावे लागते, पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत चार-पाच खेपा घालाव्या लागतात, फोनवर त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगावे लागते. हे काम करणारी निवृत्त माणसे इथे हवी आहेत. ज्याच्या आरशात अजून एखादी सायकल दिसते, त्याने आधी पोलीस ठाण्यात जाऊन ती सांगावी. तिथून निघताना 'अज्ञात वाहन' लिहिलेल्या प्रकरणांची यादीही मागून घ्यावी. त्या यादीतल्या कुटुंबांचे कागद जुळवायला महिना-दोन महिने जातात.