अंकाची अक्षरं निवडताना

मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी इथे कर्ज, हप्ते, व्याज असंच काहीतरी घेऊन येते, त्यामुळे आजचा विषय ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आज बोलायचंय छापील अक्षरांबद्दल.

झालंय असं, की आमच्या भागातल्या काही गटांनी मिळून एक त्रैमासिक काढायचं ठरवलंय. पाककृती, परसबाग, शिवणकाम, आरोग्य, सणवार, घर नीटनेटकं कसं ठेवावं, असं सगळं. शहरातल्या गुळगुळीत मासिकांत असतं तसंच, पण आपल्या स्वयंपाकघरातलं आणि आपल्या आंबेमोहोराच्या भाताचं. पैसे गटांच्या वर्गणीतून आणि चार दुकानांच्या जाहिरातींतून. म्हणजे किती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मुखपृष्ठाचा पहिला नमुना एका डीटीपीवाल्याकडून करून आणला. त्याने हौसेने खास ‘डिझायनर फॉन्ट’ वापरला होता. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. प्रत्येकीची रांगोळी वेगळी तसं प्रत्येक फॉन्टचं अक्षर वेगळं. खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव होतं. बैठकीत तो कागद हातोहात फिरला. आमच्या एक आजी आहेत, उतारवयात साक्षरता वर्गात वाचायला शिकलेल्या. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, ‘मरे, तालुका मुळशी.’ सगळ्या खो खो हसलो. आजीही हसल्या आणि कागद पुढे सरकवत म्हणाल्या, ‘जाऊ दे बाई, मला कुठं नीट वाचता येतंय!’

ते मला लागलं. रात्री मी तो कागद पुन्हा बघितला. भ आणि म मध्ये फरक असतो तो डोक्यावरच्या रेघेचा. भ ची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे एक छोटं वळण येतं. त्या फॉन्टमध्ये ते वळण सजावटीच्या नादात रेघेलाच चिकटलं होतं. कागदावर खरोखर ‘मरे’च दिसत होतं. मी भरे वाचलं, कारण गावाचं नाव मला पाठ होतं. आजींनी कागदावर होतं ते वाचलं. चूक अक्षराची, आणि कमीपणा वाटला आजींना.

तेव्हापासून मी अक्षरांच्या मागे लागले. घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, सगळ्या याच भानगडीतल्या जोड्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आकडा १ आणि आकडा ९. काही फॉन्टमध्ये ते इतके सारखे दिसतात की पाककृतीत एक चमचा मिठाचे नऊ व्हायचे. मिठाचं एक वेळ ठीक, पण आपल्या अंकात गोळ्यांचं आणि हप्त्यांचंही लिहिणार आहोत ना.

आता पैशाचं. चांगला फॉन्ट विकत घ्यावा लागतो असं मला वाटायचं. काही घ्यावे लागतातच, आणि ते पेनड्राइव्हवरून कुणाचे तरी उचलून वापरणं म्हणजे चोरीच. पण चांगले मराठी फॉन्ट फुकटही मिळतात, अगदी कायदेशीर. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट केलाय. अगदी बारीकपासून जाडजूडपर्यंत त्याची सात वजनं आहेत. म्हणजे मजकूर, उपमथळे, चौकटी, सगळं एकाच घरात भागतं. त्यांचाच ‘बालू’ गुबगुबीत आहे, मथळ्याला छान. ‘मोदक’ तर नावासारखाच, एवढा फुगलेला की दोन शब्दांपुढे वापरू नये. गुगल फॉन्ट्सवर हे सगळे उतरवून घेता येतात. त्यांचा परवाना खुला आहे. अंक छापा, विका, कुणाची परवानगी नको. फक्त नुसता फॉन्टच विकायचा नाही.

मला स्वतःला ‘तिरो देवनागरी मराठी’ फार आवडला. जुन्या छापील पुस्तकांसारखं जाड-बारीक, शांत वळण. पण त्यात ठळक वजनच नाही. नुसतं साधं आणि तिरकं. संगणकावर जबरदस्तीने ठळक केलं तर अक्षरं काळी मिचकूट होतात. शिवाय आमच्या स्वस्त कागदावर शाई पसरते, बारीक रेघा कुठे पुसट तर कुठे फुगलेल्या येतात. मन मारून मी तो सोडला. चांगल्या कागदावर छापणार असाल तर जरूर बघा.

त्याच्या नावात ‘मराठी’ का, तेही सांगते. ल आणि श आपण लिहितो तसे हिंदीत लिहीत नाहीत. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपला श देठाचा. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच रूपं मराठीसाठी ठरवून दिली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी दिसतं. मराठी वळण आत दडलेलं असतं, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की बाहेर येतं. पहिल्या नमुन्यात आमचा ‘लसूण’ हिंदी होता. मोठ्या वाचकाला काही वाटत नाही, पण नुकतं वाचायला शिकलेली बाई तिथे अडखळते, कारण तिने पाटीवर गिरवलेला ल तो नव्हे.

डीटीपीवाल्याला काय विचारायचं? पहिला प्रश्न, ‘युनिकोडमध्ये करणार ना?’ जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती भुताटकी दिसते. म्हणजे पुढच्या अंकाला दुसरीकडे गेलात तर सगळं पुन्हा टाइप करा, पुन्हा पैसे. जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी नीट चालत नाही. इनडिझाईन चालतं, पण त्यात भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. स्क्रायबस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याची नवी आवृत्ती घ्यायची.

दुसरं, एक चाचणीचा कागद करून घ्या. आमच्या कागदावर हे शब्द होते: भरे, मरे, घर, धर, तऱ्हा, सुऱ्या, लसूण, शाळा, चिठ्ठी, शुद्ध, हृदय, ॲसिडिटी, बँक, ऑक्टोबर, आणि १ ते ९ आकडे. ‘तऱ्हा’मधला तो अर्धा र मराठीचा लाडका, पण कितीतरी फॉन्टमध्ये तो फुटतो. ॲ तर जुन्या फॉन्टमध्ये दिसतच नाही, चौकोन येतो. हा कागद पडद्यावर बघू नका. ज्या कागदावर अंक निघणार त्याच कागदावर छापून घ्या.

आमची चाचणी संध्याकाळी घेतली, कारण बायकांना वाचायला वेळ तेव्हाच. मुद्दाम ज्यांना चष्मा आहे त्यांना आधी दिलं. काळ्या चौकटीतली पांढरी अक्षरं ताबडतोब बाद झाली, मात्रा शाईत बुडाल्या होत्या. दहा पॉइंटचं अक्षर कुणालाच नको होतं. चौदा पॉइंटवर गाडी थांबली, ओळींत ऐसपैस जागा ठेवून. आपल्या लिपीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जागा जास्त लागते.

पण अक्षर वाढलं की पानं वाढली. पानं चाराच्या पटीतच वाढतात, म्हणजे चोवीसची थेट अठ्ठावीस, आणि तेवढे पैसे नव्हते. बैठकीत बरीच वादावादी झाली. काहीजणी म्हणाल्या, अक्षर लहान करा, मजकूर भरपूर द्या, पैसे वसूल होऊ देत. शेवटी राशिभविष्य गेलं, शिवाय एक लांबलचक प्रवासवर्णनही. ते माझंच होतं, आता काय बोलणार!

या विषयात आपण काही पहिल्या नाही. जावजी दादाजी चौधरी लहान वयात मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तेव्हा एकेक अक्षर शिशात ओतायचं, जोडाक्षरांचे खिळे वेगळे. तेवढा खर्च आज आपल्याला नाही.

तर आम्ही मजकुराला ‘मुक्त’ घेतलाय आणि मथळ्याला ‘बालू’. तिसरा फॉन्ट घ्यायचा नाही, असं ठरलंय. नवा नमुना आजींना दाखवला. त्यांनी गावाचं नाव बरोबर वाचलं, आणि मग पुढे आवळ्याच्या लोणच्याची अख्खी कृती वाचून म्हणाल्या, ‘यात हिंग राहिलाय.’ खरंच राहिला होता. तो आता घातलाय. पान पुन्हा छपाईला जायचंय.