गाडीतला पिवळा दिवा



रामनवमीच्या यात्रेला वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याहून पोहरादेवीकडे लागणारी गाड्यांची रांग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जीप, ट्रॅक्टर आणि मागेपुढे मोटारसायकलीच मोटारसायकली. त्या रांगेत लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला विचारा, धूर म्हणजे काय.

हा धूर कमी व्हावा म्हणून 1 एप्रिल 2020 पासून देशभर गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-सिक्स नियम लागू झाले. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आलं. बहुतेक दुचाकींतला कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसला. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सतत तपासतो आणि त्यावरून गाडीतला छोटा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंमुळे विषारी वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंत होतं.

यात कुठं बिघडलं की मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. किल्ली फिरवल्यावर तो लागणारच, पण इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. न विझल्यास संगणकाने बिघाडाचा कोड नोंदवलेला असतो. पी-0130 आला तर दोष ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी वायरिंग बघावं. कधी उंदराने कुरतडलेली वायर निघते, आणि नवा सेन्सर घेण्याचा खर्च वाचतो.

बॅटरीची वायर काढून लावा, दिवा जातो, असा सल्ला सर्रास मिळतो. दिवा जातो खरा, पण बऱ्याचदा कोडही पुसला जातो आणि दोष तसाच राहतो. तो दोष मिसफायरचा, म्हणजे इंधन नीट न पेटण्याचा असेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर तापून निकामी होतो. आवाजासाठी कंपनीचा सायलेन्सर कन्व्हर्टरसकट काढून फेकणं तर मला साफ नामंजूर आहे. त्याचा भुर्दंड मागून येणाऱ्याच्या फुप्फुसांना पडतो.

पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र, वेळेवर काढावीच. पण आधीच्या बीएस-फोर आणि बीएस-सिक्स गाड्यांना ती वर्षातून एकदाच लागते. मधल्या काळात लक्ष ठेवायला हा दिवाच आहे.

म्हणून मंडळी, दिवा लागला तर कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडे जा. कोड कागदावर लिहून मागा, त्याचा अर्थ विचारा आणि मगच सुटा भाग बदलायला हो म्हणा.