यंत्रांची झुंज आणि आपली मुले



मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘टेकफेस्ट’ महोत्सवात ‘रोबोवॉर्स’ नामक सामने होतात. बंदिस्त आखाड्यात दोन यंत्रे झुंजतात. विद्यार्थी त्यांना बाहेरून बिनतारी साधनाने चालवितात. फिरत्या पात्याने एखाद्याचे चाक उडते. परंतु आपल्या तालुक्यातील खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईप्रमाणे रक्त सांडत नाही.

“गुरुजी, हा पोरखेळ कशाला?” असे पालक आम्हांस पुसतात. आमचे उत्तर असे की, खरी विद्या झुंजीत नसून झुंजीनंतरच्या दुरुस्तीत आहे. ‘रोबोट’ शब्दाचे मूळ चेक भाषेतील वेठबिगारीच्या शब्दात आहे. ज्याला यंत्र उघडता येते तो त्याचा धनी. इतरांच्या वाट्यास वेठच. लोखंड-लाकडास आकार देणाऱ्या आपल्या ज्ञातीच्या मुलांनी ही झुंज केवळ पडद्यावर पाहावी काय?

शिक्षक असताना आम्ही प्रयोगसाहित्य मोडेल या भयाने कपाटात कुलूपबंद ठेविले. ती चूक पुन्हा नको. यंदा गुणगौरवातील चषकांचा खर्च वाचवून मंडळाने सुटे भाग जोडून रोबो बनविण्याचा एक संच घ्यावा व मुलामुलींच्या हाती द्यावा. तो मोडला तरी चालेल. मोडलेलाच अधिक शिकवील.