ताकदीचा हिशेब



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाटकावर, सीमाभागातल्या मराठीवर जाणकारांनी बोलावं ही आपली रीत. मी व्यवसायाने होमिओपॅथिक डॉक्टर, आणि मी विषय घेतलाय कार्टून मालिकांतल्या सुपरहिरोंचा. एका भागात डोंगर उचलणारा वीर पुढच्या भागात विजेच्या एका झटक्याने बेशुद्ध कसा पडतो, असा तो विषय आहे. निमंत्रणपत्रिका हातात पडल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "डॉक्टर, हा साहित्याचा विषय आहे का?" माझ्या मते आहे, आणि तेच आज तुम्हाला पटवून द्यायचं आहे.

तुमच्या घरात सहा ते बारा वर्षांचं मूल असेल तर हा प्रश्न तुम्ही नक्की ऐकला असेल. "आज्जा, काल यानं आगगाडी अडवली, मग आज त्या साध्या चोरानं याला कसं पाडलं?" आपण पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "अरे, कार्टून आहे ते. त्यात काय डोकं लावतोस?" मला बोलायचं आहे ते या उत्तराबद्दल. त्या मुलाने काय केलं ते पाहा. त्याने दोन भाग लक्षात ठेवले, एकमेकांशी ताडून पाहिले आणि कथेला जाब विचारला. समीक्षक म्हणतात तो याहून वेगळं काय करतो? आणि आपण त्याला सांगतो, डोकं लावू नकोस.

आमच्या व्यवसायात रोग्याची हकीकत ऐकणं हे अर्धं काम असतं. एखादा सांगतो, गुडघा इतका दुखतो की जिना चढवत नाही. दहा मिनिटांनी बोलता बोलता सांगतो, परवा सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर चालत जाऊन आलो. म्हणून तो खोटं बोलतो असं नाही. पण तिथे थांबून विचारावं लागतं की जिना चढवत नाही तर डोंगर कसा चढवला? बहुतेक वेळा कामाची गोष्ट तिथेच सापडते. कथेतल्या विसंगतीचंही तसंच आहे. ती दिसली की लेखकाला नावं ठेवून मोकळं व्हायचं नसतं. तिथे बोट ठेवून विचारायचं, हे असं का झालं?

सुरुवात सुपरमॅनपासून करू. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडमधल्या दोन तरुणांनी निर्माण केलेला हा नायक १९३८ साली 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. त्या अंकातला सुपरमॅन उडत नाही, उडी मारतो. उडीही मोजून सांगितलेली, एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर. तोफगोळा फुटला तरच त्याच्या कातडीला इजा होईल, त्याहून कमी कशाने होणार नाही, हेही तिथेच सांगून टाकलं आहे. म्हणजे पहिल्या दिवशी हिशेब चोख होता. १९४१ साली फ्लायशर स्टुडिओने त्याच्यावर कार्टूनपट काढायला सुरुवात केली. पडद्यावर टोळासारख्या उड्या मारणारा वीर हास्यास्पद दिसू लागला, म्हणून त्याला उडायला लावलं. रेडिओवरच्या मालिकेतही तो उडत असे. पुढे कॉमिक्समध्ये त्याची ताकद वाढत वाढत इतकी झाली की तो ग्रहसुद्धा ढकलू लागला. पण ज्याला कशानेच काही होत नाही त्याची काळजी वाचक का करेल? म्हणून ताकदीला उतारा लागतो. त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट हा दगड १९४३ साली प्रथम रेडिओमालिकेत आला आणि नंतर कॉमिक्समध्ये गेला.

याच फ्लायशर स्टुडिओने १९३३ पासून पोपाय नावाच्या खलाशाचे कार्टूनपट काढले होते. पालक खाण्याआधी पोपाय मार खातो, डबाभर पालक खाल्ला की जिंकतो. आपल्याकडे हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने २००८ साली 'छोटा भीम' आणला, त्यात पालकाच्या जागी लाडू आला. नियम इतका साधा की तीन वर्षांच्या मुलालाही कळतो. पण तेच मूल सहा वर्षांचं झालं की विचारतं, "मग तो आधीच का खात नाही?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्या भागात डबा हातातून निसटलेला असतो किंवा नायकाचे हात बांधलेले असतात, त्या भागात या प्रश्नाला उत्तर असतं. जिथे डबा खिशात असूनही तो उगाच मार खात बसतो, तिथे लेखकाने वेळ काढलेला असतो. मुलाला हा फरक कळतो. त्याला तो शब्दांत मांडता येत नाही, तिथे आपण लागतो.

आता अलीकडचं आणि थोडं गुंतागुंतीचं उदाहरण घेऊ. १९९६ साली ब्रूस टिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपरमॅनची नवी कार्टून मालिका केली. त्यांनी त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवली. जड वस्तू उचलताना त्याला घाम फुटावा, मार लागला की कळावं, म्हणजे पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल, हा हेतू. हेतू योग्य होता आणि त्या मालिकेत तो साधलाही. मग २००१ साली त्याच चमूने 'जस्टिस लीग' ही मालिका काढली. त्यात सात वीर एकत्र आले. सुपरमॅन आहे, विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश आहे, आणि अंगी कुठलीही अद्भुत शक्ती नसलेला, केवळ बुद्धी आणि सराव यांवर उभा असलेला बॅटमॅनही आहे. अडचण इथे सुरू झाली. सुपरमॅन पूर्ण ताकदीने लढला तर बाकी सहा जणांनी करायचं काय? म्हणून पहिल्या पर्वात त्याला वारंवार आडवा केला जाई. शिवाय नवा खलनायक किती जबर आहे हे दाखवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याने आल्याआल्या सुपरमॅनला भिंतीवर आपटणं. एकदा चालतं, दोनदा चालतं. दहाव्यांदा पाहणाऱ्याला खलनायक मोठा वाटत नाही, सुपरमॅनच किरकोळ वाटू लागतो. प्रेक्षकांनी ही तक्रार जोरात केली. निर्मात्यांनी ती मान्य केली आणि दुसऱ्या पर्वापासून त्याची ताकद वाढवली.

असं का होतं याची कारणं लेखकाच्या आळसात नेहमी नसतात. एका मालिकेला अनेक लेखक असतात. भाग वीस-बावीस मिनिटांचा, आणि तेवढ्यात संकट उभं करून मिटवायचं असतं. कुठलाही भाग सुटा पाहिला तरी समजला पाहिजे, अशी वाहिनीची अपेक्षा असते. भाग ज्या क्रमाने तयार होतात त्याच क्रमाने दाखवले जातील याचीही खात्री नसते. या मालिकांची चित्रं काढण्याचं बरंचसं काम जपान आणि कोरियातल्या स्टुडिओंत होई, त्यामुळे नायकाचा चेहरासुद्धा भागागणिक थोडा बदललेला दिसे. अनेक कीर्तनकारांनी एकच आख्यान आळीपाळीने लावावं, आणि कालच्या बुवांनी काय सांगितलं ते आजच्या बुवांना ठाऊक नसावं, तशातला हा प्रकार.

मग आकडेच लावून टाकले तर? हाही प्रयोग झाला आहे. अकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी मालिकेत डोळ्यावर लावायचं एक यंत्र आहे, ते समोरच्याची ताकद आकड्यात सांगतं. साधा शेतकरी ५. नायक गोकू रागावतो तेव्हा मूळ जपानीत ८,००० च्या वर, आणि इंग्रजी रूपांतरात त्याच क्षणी ९,००० च्या वर. पुढे खलनायक फ्रीझा येतो, तो पहिल्याच रूपात ५,३०,००० सांगतो, आणि अजून रूपं बाकी असतात. आमच्या औषधांच्या पोटन्सीच्या आकड्यांवरून माझी थट्टा करणारे मित्र समोर बसले आहेत, तेव्हा आकड्यांबद्दल मी जपूनच बोलतो. पण वरची मर्यादाच नसलेल्या तापमापकाने ताप कळत नाही. मालिकेनेही पुढे ते आकडे जवळजवळ सोडून दिले. याच मालिकेत फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल, आणि ती पाच मिनिटं कितीतरी भाग चालतात. मुलांनी घड्याळ लावून ते मोजलं आहे. आकडा असला म्हणजे हिशेब असतोच असं नाही.

मग हिशेब म्हणजे काय? माझ्या मते ताकद बदलायला हरकत नाही, तिची किंमत मात्र प्रेक्षकाला ठाऊक हवी. फ्लॅशचं उदाहरण घ्या. इतक्या वेगाने धावणाऱ्याच्या हातून कुठलाही चोर निसटू नये, तरी निसटतात. ही विसंगती बरीच वर्षं तशीच होती. २००५ सालच्या एका भागात सगळे साथीदार हरल्यावर तो पहिल्यांदाच सगळा जोर लावून धावतो, पृथ्वीला पुन्हापुन्हा फेऱ्या घालत शत्रूवर आघात करतो आणि जिंकतो. पण जिंकता जिंकता स्वतःच नाहीसा होऊ लागतो. साथीदार त्याला कसंबसं ओढून परत आणतात. पुन्हा इतक्या वेगाने धावलो तर परत येणार नाही, हे त्याला उमगलेलं असतं. त्या एका भागाने मागच्या सगळ्या भागांचा हिशेब लागतो. तो रोज असा का धावत नाही, याचं उत्तर मुलाला मिळतं, आणि त्याच्याबद्दलची मायाही वाढते.

सुपरमॅनबद्दल तेच झालं. २००६ साली मालिकेच्या अखेरच्या भागात तो शत्रूला सांगतो की त्याच्यासाठी सारं जग पुठ्ठ्याचं आहे. चुकून कुणाला इजा होऊ नये म्हणून तो आयुष्यभर हात आखडूनच वागत आला आहे. हे उत्तर मागाहून सुचलेलं असेल. पण सुचलं ते उत्तम. एवढी वर्षं आपण ज्याला दुबळेपणा समजत होतो तो संयम होता, असा त्याचा अर्थ लागतो. आम्हा जैनांच्या घरांत बाहुबलीची कथा मुलांना सांगतात. मल्लयुद्धात त्याने भरताला उचललं, आणि थोरला भाऊ म्हणून जमिनीवर न आपटता खांद्यावर घेतलं. आपटू शकणारा आपटत नाही, तेव्हा त्याची खरी ताकद ऐकणाऱ्याला कळते.

आणि कथेला जाब विचारणं हे काही आजच्या मुलांचं खूळ नव्हे. विमलसूरींचं 'पउमचरिय' हे जैन रामायण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. त्याच्या आरंभी श्रेणिक राजा गौतम गणधरांना शंका विचारतो. बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसं हरवलं? कुंभकर्ण सहा महिने झोपून कसा राहिला? हे ताकदीचेच प्रश्न आहेत. गौतम राजाला गप्प बसवत नाहीत, उत्तर देतात. वानर म्हणजे माकडं नव्हेत, ध्वजावर वानराचं चिन्ह असलेले विद्याधर. रावणाला खरोखर दहा तोंडं नव्हती, गळ्यातल्या हारात नऊ प्रतिबिंबं दिसली. ही उत्तरं तुम्हाला पटोत न पटोत, वाल्मीकींची थोरवी त्याने कमी होत नाही. माझा मुद्दा एवढाच की शंकेतून एक अख्खं काव्य उभं राहिलं.

आता तुमच्या-माझ्या घराकडे येतो. आपली मुलं ही कार्टून्स हिंदीत नाहीतर इंग्रजीत पाहतात, शाळेत इंग्रजी आणि कन्नड बोलतात. मराठी त्यांच्या वाट्याला येते ती "जेवलास का, झोपलास का" एवढीच. वाद घालायची, तर्क मांडायची, "हे पटत नाही" म्हणायची मराठी त्यांनी कुठे शिकायची? पसायदान पाठ करून घेणं चांगलंच आहे, पण पाठांतरातून वाद घालता येत नाही. मूल स्वतःहून एक प्रश्न घेऊन आपल्याकडे येतं, तो सुपरमॅनबद्दल का असेना. त्याला मराठीत विचारा, "तुला काय वाटतं, का लागलं असेल? तू लिहिलं असतंस तर काय केलं असतंस?" पुढचा अर्धा तास तुम्हाला काही शिकवावं लागणार नाही.

आणखी एक. सीमाभागातलं मूल एकाच घटनेच्या दोन बाजूंच्या दोन कथा ऐकत मोठं होतं. उद्या ते भाषणं ऐकेल, जाहिराती पाहील, मोबाइलवर आलेले निरोप वाचेल. काल असं सांगितलंत, आज तसं सांगता, याचा मेळ कसा, हे विचारण्याची सवय त्याला तेव्हा लागेल. आठव्या वर्षी ज्याला आपण "डोकं लावू नकोस" म्हणालो, त्याने अठराव्या वर्षी एकदम डोकं लावावं अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा एक विनंती करून थांबतो. येत्या रविवारी मुलाशेजारी बसून एक भाग पूर्ण पाहा, मध्ये उठू नका, आणि संपल्यावर पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. उत्तर तुम्हाला आलं नाही तरी चालेल, दोघं मिळून शोधा. फक्त शोधा मराठीत.